पंपवाली, रंगवाली, गोळ्यावाली

सोलापूर
५ जून

प्रिय तम्मा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. फोन केला की तू मला हसवतोस आणि ज्यासाठी फोन केला ते राहून जातं. परवाही तू तुमच्या सोसायटीतल्या कुत्र्याची गोष्ट सांगत बसलास, आणि ठेवल्यावर मला आठवलं की अरे, मला अ‍ॅपचं विचारायचं होतं. म्हणून लिहिते. उत्तर फोनवर दिलंस तरी चालेल.

आपलं शेअरचं अ‍ॅप बंद होतंय. उघडलं की वर पिवळी पट्टी येते, ही सेवा ऑगस्टअखेर थांबत आहे, आपली माहिती उतरवून घ्या. मला खरंच वाईट वाटलं. अप्पा गेल्यावर तूच ते माझ्या फोनमध्ये घालून दिलंस. ओसरीवर बसून एकेका कंपनीची नोंद केलीस, शेअर किती, कधी घेतलेले, कितीला. तेव्हापासून अंघोळ, पूजा, चहा आणि मग अ‍ॅप असा माझा क्रम आहे. हे पेपरमागून म्हणतात, "उठला आमच्या घरचा शेअर बाजार." म्हणू देत. पंपवाली, गोळ्यावाली यांची विचारपूस केल्याशिवाय मला कारखान्यात जाऊन शाळेच्या गणवेशांची बिलं तपासायला बसवत नाही.

अप्पा कंपनीचं नाव कधी घेत नसत, आठवतं? पंप करते ती पंपवाली, रंग करते ती रंगवाली, औषधाची ती गोळ्यावाली. अव्वा म्हणायची, "कुणी ऐकलं तर काय वाटेल माझ्या नवऱ्याबद्दल!" दुकान बंद करून आले की पोस्टानं आलेला वार्षिक अहवाल माझ्या मांडीवर टाकायचे. "सिद्धी, मागून वाच गं. पुढं नुसते फोटो असतात." मग मी मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "थांब. परत वाच." तू तेव्हा गच्चीवर पतंग घेऊन.

हक्कसोडपत्रावर सही केली त्या दिवशी तू म्हणाला होतास, "घर-जमीन माझ्याकडं, अप्पांचे शेअर अक्काचे." लोकांना वाटलं असेल की बहिणीनं सगळं सोडलं. मला तसं वाटलं नाही. मला माझं मिळालं होतं.

तर आता दुसरं कोणतं घेऊ? हे तुझ्या कामातलं. मला फार नको. रंगवाली विकली, आता राहिलेल्या दोघी एका जागी दिसाव्यात. अहवाल जुन्यासकट वाचता यावेत. मालकांनी आपले शेअर गहाण टाकले तर मला आधी कळावं. आणि जुन्यात जशी होती तशी टिपण लिहायला जागा हवी. मी प्रत्येकीखाली लिहीत आले आहे, ही का ठेवली, ती का विकायला सांगितली. तुला हसू येईल, पण ती टिपणं परत वाचताना मला माझीच सोबत वाटते.

सहीचं लक्षात आहे. मंगळवेढ्याच्या जमिनीतला एक गट नंबर हक्कसोडमध्ये लिहायचा राहिला, आणि आता गिऱ्हाईक खोळंबलंय, असं तू म्हणालास. पंचमीला मी येईन तेव्हा कागद तयार ठेव. दुरुस्तीपत्रच ना? करून टाकू. त्यात विचारायचं काय.

तुझी
अक्का


१९ जून

प्रिय तम्मा,

फोन केलास ते बरं केलंस. तू म्हणालास, "अक्का, ज्यात आपण हातानं नोंद टाकतो तसलंच घे. ती आपोआप माहिती ओढणारी अ‍ॅप लई धोक्याची." तुझ्या तोंडून 'लई' ऐकून बरं वाटलं. एवढी वर्षं पुण्यात राहून जीभ अजून सोलापुरीच आहे.

पण मी तुझं ऐकलेलं नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

रविवारी नळाचा दिवस होता. पाणी भरून झालं आणि मी नि पायल तीन अ‍ॅप उतरवून बसलो. परीक्षा अशी घेतली की तिन्हींत पंपवाली घालायची आणि बघायचं कोण काय सांगतं.

पहिलं दिसायला फार देखणं. दहा वर्षांचा नफा-तोटा बोटावर फिरतो. पण अहवालाची मागची पानं मागितली की पैसे भरा म्हणतं. म्हणजे फोटो फुकट आणि टिपा विकत. अप्पांनी तिथंच बंद केलं असतं. दुसरं म्हणजे मंगळवार बाजार. उघडलं की ओरडायला सुरुवात, ही घ्या, ती विका, आज संधी, उद्या नाही. पायल म्हणाली, "आई, याच्यात कोथिंबीरपण मिळत असेल बघ."

तिसरं करड्या रंगाचं, गप्प. त्यात आपल्याला काही टाइपच करता येत नाही. ते आपली परवानगी घेतं आणि सगळ्यांचे शेअर जिथं ठेवलेले असतात त्या डिपॉझिटरीतून थेट आणतं. बोनस शेअर आले तरी आपोआप भर पडते. जुन्यात पंपवालीनं बोनस दिला तेव्हा तू पुण्यातून, तुझ्या फोनवर त्याच पासवर्डनं उघडून नोंद बदलली होतीस, तशी खटपट नाही. अहवाल आहेत. मालकांनी गहाण टाकलं की निरोप येतो. टिपणाला जागा आहे. पायल म्हणाली, "हे तुझ्यासारखंच आहे. दिसायला साधं आणि कुणाचं ऐकत नाही."

तू धोका म्हणतोस. मी त्यांचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, म्हणजे शेवटापासून पहिल्यापर्यंत. त्यांना फक्त बघता येतं, विकता येत नाही. आणि खरं सांगू? जे हातानं लिहिता येतं त्यावर माझा रोजच्या कामातच विश्वास उरलेला नाही. बिलावर व्यापारी काहीही लिहितो. पोतं सोडून शर्ट बघितल्याशिवाय मी शेठना सही करू देत नाही. मग अप्पांच्या शेअरना वेगळा न्याय कशाला?

तर पॅन नंबर घातला. त्यांनी ओटीपी पाठवला तो तुझ्या मोबाइलवर. मी विसरूनच गेले होते. खातं माझ्या नावावर, पण उघडताना नंबर तू तुझा दिला होतास, मला त्रास नको म्हणून. मी फोन केला तर तू मीटिंगमध्ये. "थोड्या वेळानं अक्का." तोवर ओटीपीची वेळ संपली.

शनिवारी परत टाकते. फोन जवळ ठेव.

तुझी
अक्का


२ जुलै

प्रिय तम्मा,

पहिल्यांदा मीटिंग. मग तू गाडी चालवत होतास. मग म्हणालास, ओटीपी आलाच नाही. काल म्हणालास, आला होता पण चुकून पुसला. पायल म्हणते, "मामाला ओटीपीची अ‍ॅलर्जी आहे." मी तिला रागावले. तुझ्या मागे किती कामं असतात ते तिला कुठं ठाऊक.

म्हणून मीच एक काम केलं. काल अर्धी रजा टाकून जिथं खातं आहे त्या शाखेत गेले आणि खात्याला माझा नंबर लावायचा अर्ज दिला. तुला न विचारता केलं म्हणून रात्री नीट झोप लागली नाही. पण तुझीच कटकट वाचेल असा विचार केला.

तिथं एक तरुण मुलगी होती. बिल्ल्यावर 'संस्कृती' लिहिलेलं. आधार घेतलं, अंगठा घेतला, मग म्हणाली, "मॅडम, खातं तुमचं आणि नंबर, ईमेल दोन्ही भावाचं?"

म्हटलं, "तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तोच बघतो सगळं."

"हं. आमच्याकडं निम्म्या बायकांचं असंच असतं." मग संगणकात बघत म्हणाली, "आणि स्लिपबुक?"

"म्हणजे?"

"शेअर विकायचे झाले की खात्यातून बाहेर द्यायची स्लिप असते ना, सही करून. त्याचं पुस्तक."

"तेही त्याच्याकडेच. मी सह्या करून ठेवल्यात सगळ्या. त्याला दर वेळी पुण्याहून यायला नको."

तिनं मान वर केली. मला वाटलं काहीतरी विचारेल. शिक्का मारला आणि म्हणाली, "नंबर बदलून घेताय ते बरं करताय, काकू." एवढा वेळ मॅडम होते, एकदम काकू झाले.

मला तिचा राग आला, तम्मा. तिनं काही वाईट म्हटलं नाही, तरी आला. बाहेर येऊन पन्हं प्यायले आणि मनात तिला म्हटलं, बाई, तुझा भाऊ तसा असेल. माझा भाऊ अप्पा गेल्यावर दर पंचमीला मला न्यायला स्वतः येतो. डिव्हिडंडचं बँकखातंही तोच बघतो, आणि दर वर्षी पंपवालीचा आला की त्याच दिवशी मला पाठवतो, खाली लिहितो, 'अक्काच्या पंपाचं पाणी'. नंबर त्याचा असला काय आणि माझा असला काय.

चार-सहा दिवसांत बदलेल म्हणाली. बदलला की कळवते.

तुझी
अक्का


११ जुलै

तम्मा,

नवं अ‍ॅप चुकतंय बहुतेक.

आज ओटीपी माझ्या फोनवर आला. घातला. परवानगी दिली. चाक बराच वेळ फिरलं आणि मग आलं, 'आपल्या खात्यात कोणतेही शेअर आढळले नाहीत.' मला वाटलं पॅन चुकला. परत केलं. तेच.

त्यांना लिहिलं तर संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, माहिती बरोबर आहे, खातं रिकामं आहे.

जुन्या अ‍ॅपमध्ये सगळं जागच्या जागी आहे. आज सकाळी पंपवाली वर होती, गोळ्यावाली थोडी खाली. जुनं पायलच्या फोनवर उघडलं, नवं माझ्या, आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून आम्ही बघत बसलो. मग पायल उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायला लागली. पायल, जी कधी चहा करत नाही.

तू ते दुसऱ्या कुठल्या खात्यात हलवलेस का? जास्त सुरक्षित म्हणून? सांगायचं राहिलं असेल. तसं असेल तर नुसतं 'हो' म्हण, मला पुढचं काही नको.

चार वेळा फोन केला. तू कर. आणि आज हसवू नकोस.

अक्का


२१ जुलै

विरेश,

तुझा आवाजी निरोप मिळाला. फोन नाही केलास, निरोप पाठवलास, म्हणजे मला मध्ये बोलता येऊ नये. मी तो बाथरूममध्ये नळ सोडून ऐकला. नळाचा दिवस नव्हता. टाकीतलं पाणी वाया घालवलं.

लॉकडाउनमध्ये तुझी नोकरी गेली होती. फ्लॅटचे हप्ते थांबले होते. तू घरात कुणाला सांगितलं नव्हतंस. स्लिपा हाताशी होत्या. काही महिन्यांसाठी म्हणून विकलेस, नोकरी लागली की परत घेणार होतास, पण तोवर भाव चढले आणि मग चढतच गेले. "तुला दुखवायचं नव्हतं अक्का, म्हणून अ‍ॅप तसंच चालू ठेवलं."

तू नोकरीचं सांगितलं असतंस तर मी स्वतः एसटीनं पुण्याला आले असते. एसटी बंद होती तर चालत मोहोळपर्यंत तरी आले असते. आणि तुझ्यासमोर बसून विकायला सांगितलं असतं, तिघींनाही. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही असं म्हणू नकोस, तेवढा अपमान नको करूस.

म्हणजे शेअर गेले याचं मला दुःख नाही असं नाही. आहे. पण त्यावर मी आठ दिवस रडले आणि ते रडणं संपलं. दुसरं काहीतरी आहे ते संपत नाही.

रंगवाली. तू विकलेस त्यानंतर दोन वर्षांनी मी तिचा अहवाल वाचत होते. कितीतरी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या तागांमागं बसून. मागच्या टिपांमध्ये होतं की कंपनीनं संचालकांच्या मेव्हण्याच्या फर्मला कर्ज दिलंय, आणि हिशेब तपासणारे वर्षाच्या मध्येच सोडून गेलेत. अप्पा असते तर म्हणाले असते, "थांब. परत वाच." मी तुला तिथूनच फोन केला, हळू आवाजात, बायका ऐकतील म्हणून. म्हटलं, रंगवाली काढून टाक. तू म्हणालास, "थांब अक्का, बघतो." आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, "विकली गं. वाचवलंस आपल्याला."

तेव्हा रंगवाली नव्हतीच. मग तू 'बघतो' म्हणून एक दिवस कशाला लावलास? त्या एका दिवसात तू काय केलंस? जेवलास, ऑफिसचं काम केलंस, झोपलास, आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन रंगवालीची नोंद पुसलीस नि तेवढ्या रकमेची पंपवाली वाढवलीस. खरं वाटावं म्हणून. लहान मुलाला भातुकलीतला चहा प्यायला दिला की आपण 'वा, साखर बरोबर पडलीय' म्हणतो, तसं. मी त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे दिले, विरेश. कारण विचारलं तर म्हटलं, असंच.

डिव्हिडंडचं. आकडा नेहमी गोल असायचा. खरा डिव्हिडंड असा गोल येत नाही, मला माहीत आहे. मला ते दिसलं नव्हतं असं समजू नकोस. दिसलं होतं. मला वाटलं तू वरून थोडी भर घालतोस, पंचमी आहे, बहीण आहे. त्याचं मला कौतुक वाटायचं.

आणि माझी भावजय, अक्षता. पंचमीला जेवताना मी गोळ्यावालीचं काढलं की ती भाकरी आणायला उठायची. टोपलीत भाकरी असायच्या. मला वाटायचं तिला शेअरचा कंटाळा आहे. आता प्रत्येक वेळी ती कशी उठली ते दिसतं.

हे सगळं कदाचित गिळलं असतं. पण पायलचं काय करू? बारावीनंतर तिला पुण्याला पाठवायचं होतं. हे म्हणाले, "तुझे शेअर काढ की. कधी कामाला येणार ते?" मी तुला विचारलं. आठवून बघ काय म्हणालास. "आत्ता नको अक्का, वर्षभर थांब. गोळ्यावाली दुप्पट होईल." तू इतक्या खात्रीनं म्हणालास की मी घरात भांडले. यांना म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं. पायल इथल्याच कॉलेजात गेली, बसनं जाते-येते. त्या दिवशी दोन्ही फोन शेजारी ठेवल्यावर ती चहा करायला का उठली ते तुला कळलं का? तिला माझ्याआधी कळलं होतं. आणि तिला माझं तोंड बघायचं नव्हतं.

निरोपाच्या शेवटी तू जरा थांबलास. मला वाटलं रडतोयस. मग म्हणालास, "आणि अक्का, ते सहीचं मात्र अडवू नकोस. गिऱ्हाईक हातचं जाईल."

मी नळ बंद केला.

पंचमीला न्यायला येऊ नकोस.

सिद्धेश्वरी


३ ऑगस्ट

विरेश,

येऊ नकोस म्हटलं तरी तू आलास. पंचमी होती, दारातून परत कसं पाठवणार? समोर बसलो तर मला बोलता आलं नाही. आता लिहिते.

तू आलास तेव्हा हातात तंबिटाच्या लाडवांचा डबा होता आणि काखेत वकिलाची फाइल. डबा तू टेबलावर ठेवलास, फाइल मांडीवर. पायलनं पाणी दिलं तर तिला म्हणालास, "काय गं, मामावर रुसलीस?" ती म्हणाली, "नाही मामा. ओटीपी आला नाही अजून." तू हसलास. एकटाच हसलास.

मग म्हणालास, "बोल की अक्का काहीतरी. शिव्या तरी घाल."

शिव्या मला यायला हव्या होत्या. त्याऐवजी मी विचारलं, "रंगवालीच्या मागच्या पानात काय होतं रे?"

तू म्हणालास, "कुठल्या पानात?"

बस. मला तेवढंच बघायचं होतं. मी वाचलेलं तुला पाठवलं होतं, पानांचे फोटो काढून, खुणा करून. तू उघडलंही नव्हतंस. फसवताना तरी माणूस नीट बघतो, तू तेवढंही बघितलं नाहीस. रंगवालीचं पुढं काय झालं तेही तुला माहीत नसेल. मागच्या वर्षी ती बुडाली. कर्ज मेव्हण्याच्या फर्ममधून परत आलंच नाही. मी वाचलं होतं ते बरोबर होतं. आपल्याकडे शेअर नव्हते, पण मी वाचलं होतं ते बरोबर होतं. गेले पंधरा दिवस मी या एका गोष्टीला धरून उभी आहे.

तू हप्त्यांनी परत करतो म्हणालास. हे आतून म्हणाले, "तो परत अ‍ॅपमध्ये टाइप करील." मी त्यांना गप्प केलं, तुझी बाजू म्हणून नव्हे. ते माझं भांडण आहे, त्यांचं नाही.

फाइल तू ठेवून गेलास. "वाचून सही कर, मी शनिवारी माणूस पाठवतो." मी वाचली. मागून वाचली. शेवटच्या पानावर माझं नाव लिहिलंय, सासरच्या आडनावानं, आणि पुढे छापलंय, 'या मिळकतीतील आपला संपूर्ण हक्क स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता सोडीत आहे.' पहिल्या वेळी हेच वाक्य होतं का रे? असणारच. तेव्हा मी पुढून वाचलं होतं, आणि पुढं तू उभा होतास.

काल पायलला घेऊन मंगळवेढ्याला गेले. अप्पा गेल्यापासून तिकडं पाय ठेवला नव्हता. आपलं रान वाट्यानं करणारा धुळा ज्वारीसाठी नांगरत होता. मला ओळखलं. "अक्का, लई दिसांनी! या की, हितं सावलीत बसा." मी त्याला विचारलं, हा राहिलेला गट कुठला? त्यानं हात केला. रस्त्याला लागून, काळ्या मातीचा, बोरीच्या झाडापर्यंत.

"ह्यो तर तुमचाच हाय."

म्हटलं, "माझा कसा? मी सही करून दिली की सगळ्यावर."

"सगळ्यावर न्हाय दिली. उतारा काढलाय म्या परवा, पीकविम्याला लागतो म्हणून. तुमचं नाव हाय की त्याच्यावर. कुटं गेलंय?"

खिशातून घडी काढून त्यानं दाखवलं. तुझं नाव आणि खाली माझं. माहेरचं, लग्नाआधीचं, अप्पांचं नाव मध्ये घेऊन. कुणीतरी वारसनोंद करताना घातलं आणि मग पुसायचं विसरलं. पायल ते मोठ्यानं वाचत होती. माझं ते नाव तिनं कधी ऐकलेलंच नव्हतं. म्हणाली, "ही कोण गं बाई?"

धुळा हसला. मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. आणि हसवायला तू नव्हतास.

जुनं अ‍ॅप मी काढून टाकलं. टिपणं आधी उतरवून घेतली, ती माझी आहेत. कारखान्याचा पगार झाला त्या दिवशी माझ्या खात्यातून, माझ्या नंबरवर आलेल्या ओटीपीनं, पंपवालीचा एक शेअर घेतला. एकच. तिचा या वर्षीचा अहवाल वाचून घेतला, अप्पांची म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी करडं अ‍ॅप उघडलं तर तिथं एक ओळ होती. मी काही टाइप केलं नव्हतं. पूजेला उशीर झाला, मी ती ओळ बघत बसले होते.

आता तुझ्या माणसाचं. त्याला शनिवारी पाठवू नकोस. दुरुस्तीपत्र मी परत पाठवते आहे, बिनसहीचं.

गिऱ्हाईक मात्र सोडू नकोस. भाव चांगला आहे, मी चौकशी केली. वकिलाला सांग की कागद नवा कर, खरेदीखताचा. त्यात लिहून देणार म्हणून तुझं नाव असू दे आणि शेजारी माझं, निम्म्याला निम्मं. पैसे माझे मला, माझ्या खात्यात. त्यातून पायल पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला येईल. तुझ्याकडे राहणार नाही, पण अक्षतानं बोलावलं तर जेवायला येईल, आणि तिनं भाकरी आणायला उठू नये एवढं तिला सांग.

सही मी करीन. निबंधक कचेरीत आपण दोघं एकाच बाकावर बसू, तिथला कारकून विचारील, 'बहीण का?' आणि तू हो म्हणशील. पण या वेळी मी सोडणारी म्हणून नाही, विकणारी म्हणून येईन.

लाडू संपले. चांगले झाले होते. डबा धुऊन ठेवलाय.

वकिलाला नाव उताऱ्यावर आहे तसंच घालायला सांग. चुकू नये म्हणून खाली लिहून देते.

सिद्धेश्वरी मल्लप्पा कलशेट्टी